कालचा आकडा

१

बातमी आली त्या दिवशी सावळाराम भोईर रोजच्यासारखाच सकाळी शेलारहून सायकलनं भिवंडीत आला होता. फाल्गुन लागला होता. उन्हाला अजून धार यायची होती. कारखान्याच्या दारात त्यानं सायकल टेकवली, डबा खुंटीला अडकवला, पान्ह्यांची पिशवी खांद्याला लावली आणि आत शिरला. तो जॉबर होता. बिघडलेला लूम उघडायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालू करून द्यायचा, हे त्याचं वीस वर्षांचं काम.

आत शिरलं की बोलणं संपायचं. सगळे लूम एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथं माणसं हातांनी बोलत. पाणी हवंय, तंबाखू दे, बाणा तुटला, शेठ आला, तुझी बायको माहेरी पळाली, सगळ्याला खुणा होत्या. नवशा या खुणांमध्ये सगळ्यात तरबेज. शहापूरकडून आलेला, लूम चालवणारा, कायम कुणाची तरी नक्कल करणारा.

तो लांबून येताना दिसला. डोक्यावर टोपी असल्याची खूण केली, मग नाक पुढं ओढून दाखवलं. म्हणजे मुनीमजी. मग अंगठा ऑफिसकडं. सावळारामला हसू आलं. त्यानं पंजा दाखवला, थांब. त्याच्यापुढचा लूम उघडा होता, बाण्याचं आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला मार देणारा चामडी पट्टा सुटला होता. तो त्यानं सावकाश बसवला, ताणून बघितला आणि मग हात पुसत ऑफिसात गेला.

ऑफिसला काचेची खिडकी होती. दार लावलं की आवाज अर्धा व्हायचा.

"बैठो, सावळाराम," मुनीमजी म्हणाले.

"उभा बरा हाय. कपडे तेलाचे हायत."

"बैठो भाई."

तेव्हा तो बसला. मुनीमजींच्या हातात तार होती. तार इंग्रजीत होती आणि मुनीमजींनी ती आधीच दोनदा वाचली असावी, कारण ते आता कागदाकडं बघत नव्हते. "रामनाथ के दफ्तर से आई है. वरच्या चौकीवर बर्फ आला. पहाड से. तीन लोग थे. दोघांचे देह मिळाले. रामनाथ अभी मिला नहीं. खोज चालू है, असं लिहिलंय."

सावळाराम काचेतून बाहेर बघत होता. नवशा कुणाला तरी मुनीमजींचं नाक करून दाखवत होता.

"न्हाय मिळाला, म्हंजे अजून हाय," सावळाराम म्हणाला.

"हां," मुनीमजी म्हणाले. "ऐसा भी होता है."

तो उठला, आत गेला आणि अर्धवट सोडलेल्या लूमची झाकणं बसवली. तसाच सोडला असता तर कुणाचीतरी बोटं गेली असती. मग तो सायकल घेऊन घरी निघाला.

२

गुणाबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि निवडत राहिली. सूप रिकामं झाल्यावर म्हणाली, "थंडी वाजत असंल त्याला."

रामनाथ त्यांचा एकुलता एक. भिवंडीत मॅट्रिक, कल्याणला बी.एस्सी. आणि तिथून थेट हिमालयात, बर्फाच्या खात्यात. शेलारमध्ये कुणाला हे काम नीट सांगता येत नसे. डोंगरावर बर्फ किती पडलं, किती गार आहे, वारा कुठून आहे, खालचा थर टणक आहे की भुसभुशीत, हे रोज सकाळी मोजायचं आणि वायरलेसवरून कळवायचं. ते आकडे मुंबईला जात. तिथं एक कॉम्प्युटर होता. त्याला आकड्यांची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं खायला घातली की तो सांगायचा, कुठल्या उतारावरून बर्फाचा लोंढा खाली येणार आहे. निदान तसा प्रयत्न चालला होता. कार्डं घेऊन रामनाथ वर्षातून एकदोनदा मुंबईला यायचा आणि मग घरी.

गेल्या दिवाळीत तो आला होता. घरामागं सावळारामची स्वतःची छोटी शेड होती, चार जुने लूम. सुताची टंचाई झाली तशी ती बंद पडली होती. बापलेक शेडमध्ये लूम पुसत होते. तुळईवर वर्षानुवर्षांची रुई साचलेली होती.

"बाबा, बघ," रामनाथ म्हणाला. "खालची रुई जुनी, तेलकट. वरची कोरडी. दोघींचं पटत न्हाय. वरून बघशील तर काहीच कळायचं न्हाय." त्यानं तुळईला बोटानं टिचकी मारली. सगळा पट्टा एकदम सुटून खाली आला आणि बापाच्या डोक्यावर बसला. "असंच असतं. फक्त तिथं आधी एक आवाज येतो. धप्. सगळा डोंगर एकदम खाली बसल्यासारखा. तो आला की हलायचं न्हाय."

"आनि मशीन सांगतंय ते चुकलं तर?"

"चुकतंच की. त्यातनंच शिकतो आम्ही."

दारातून गुणाबाई म्हणाली, "शिकता तुमी. मरतंय कोन?"

"आयस, तू साहेब व्हायला पायजे होतीस," रामनाथ हसत म्हणाला.

बातमीनंतर दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. बसायला चटया कमी पडल्या. जास्तीच्या चटया शेडमध्ये होत्या. सावळारामनं कुलूप काढलं.

लूमवर रुई बसली होती. बोटभर जाड, चारही लूमवर, जमिनीवर, चटयांवर. कुठं पाऊल नाही, उंदराची रेघ नाही. त्यानं चटया झटकल्या आणि निघता निघता थांबला. चालू कारखान्यातली रुई राखी असते. तेल, घाम, विडीचा धूर, सगळं त्यात बसतं. ही पांढरी होती.

शेजारी मोमीनची शेड आहे, तिथं दोन शिफ्ट चालतात, कौलांच्या फटीतून येत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते पटण्यासारखं होतं. त्यानं कुलूप लावलं.

३

दुसरी तार आली. हवामान वाईट असल्यामुळं शोध थांबवला आहे, बर्फ वितळल्यावर पुन्हा घेऊ.

सावळारामची थोरली बहीण ठमाबाई अंजूरहून येऊन राहिली होती. तिनं चुलीचा ताबा घेतला, आल्यागेल्याला चहा दिला, आणि शिमगा उलटल्यावर एका दुपारी विषय काढला.

"सावल्या, आज ना उद्या करावंच लागंल. मी भटाला इचारलंय. देह न्हाय तर पुतला करायचा. पलसाच्या पानांचा. डोक्याच्या जागी नारल. त्याला अग्नी द्यायचा, पुढचं सगलं रीतीनं. त्याबिगर पोऱ्याला वाट गावायची न्हाय."

"तुमच्या पोऱ्याला द्या अग्नी," भिंतीशी बसलेली गुणाबाई म्हणाली.

ठमाबाई चिडली नाही. "माजा पोऱ्या दिसभर इड्या ओढत बसतंय. त्याला जित्तेपनीच द्यावासा वाटतंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाय, मी बी आय हाय. तो तिथं अडकून राहील गं. ना हिकडं, ना तिकडं."

"अडकलाच हाय तो. काढायचं सोडून जालायचं म्हनता."

पळसाची पानं झडलेली होती. नवी यायला वैशाख उजाडला असता. तोवर सावळारामला ठरवायला नको होतं.

शेडकडं तो रोज एकदा जाऊ लागला. आधी काहीतरी आणायच्या निमित्तानं, मग निमित्त न काढता. रुई वाढत होती. त्यानं शिडी लावून कौलांच्या फटी आतून गोणपाटानं बुजवल्या. खिडकीला पोतं ठोकलं. दुसऱ्या दिवशी रुई बोटभर आणखी चढलेली. त्यानं लोखंडी सांगाड्यावर कोळशानं खूण केली. त्याच्या पुढच्या दिवशी खूण झाकलेली, बोटभरच. मग मोमीनच्या शेडची वीज गेली, एक आख्खा आठवडा तिथलं काहीच चाललं नाही. या शेडमध्ये बोटभर, बोटभर, बोटभर.

त्याला वाढण्याची भीती वाटली नाही, सारखेपणाची वाटली. वाऱ्यानं आलेली वस्तू कधी जास्त पडेल, कधी कमी पडेल. वीस वर्षं त्यानं रुई बघितली होती, ती अशी पडत नाही.

बाहेर चैत्राचं ऊन होतं. पत्र्याच्या बादलीतलं पाणी हात भाजेल इतकं तापायचं. शेडमध्ये आता धोतराच्या सोग्यानं कान झाकावेसे वाटत. बंद जागा थंडच असते, तो म्हणायचा. जाड थर असला की ऊन आत येत नाही.

एका दुपारी तो लूमच्या रांगेतून आत गेला. पाऊल गुडघ्यापर्यंत रुतत होतं. मधोमध पोचला आणि आवाज झाला. मोठा नव्हता. ज्यानं आयुष्यभर लूमचा आवाज ऐकला त्याला तो आवाज म्हणायचीही लाज वाटावी. धप्. शेडमधली सगळी रुई एकदम केसभर खाली बसली, आणि ते त्याच्या कानांपेक्षा तळपायांना आधी कळलं.

तो हलला नाही. गुणाबाई जेवायला हाक मारेपर्यंत तसाच उभा राहिला.

४

देवराम एका रविवारी आला. रामनाथचा कॉलेजातला दोस्त, वाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. त्याच्या घरात शाळा पाहिलेला तो पहिलाच. दिवाळीला दोघं मिळून याच ओटीवर झोपायचे. आता तो मुंबईला त्या कॉम्प्युटरवर कामाला होता. कार्डांची गठ्ठी लावणं, मशीनला देणं, निघालेला कागद साहेबांना नेऊन देणं, अशी त्याची ड्युटी होती.

गुणाबाईनं त्याला आधी जेवायला बसवलं. "कोरड्या भाकरीवर ऱ्हातोस वाटतं मुंबैत," ती म्हणाली. "गलपाटं बघ आत गेलीत."

"काकी, मेसवाल्याचा आमटीशी वाद चाललाय. दोघं एकमेकांना तोंड दाखवत नाहीत."

ती कितीतरी दिवसांनी हसली आणि लगेच आत निघून गेली.

हात धुतल्यावर देवराम ओटीवर सावळारामच्या शेजारी बसला. सुपारी कातरू लागला.

"काका, तुम्हाला एक सांगायचंय. कुणी सांगितलं नसतं तुम्हाला."

"सांग."

"मशीनला रिकामी जागा चालत नाही. एक चौकी जरी गप्प राहिली तरी सगळ्या डोंगराचं गणित अडतं. वायरलेस बंद पडतो, माणूस आजारी पडतो, असं होतच असतं. म्हणून आमच्याकडं रीत आहे. ज्या चौकीचा आकडा आला नाही, तिथं कालचाच लावायचा. दोनचार दिवसांत खरा येतो, मग तो लावायचा."

"बरं."

"वरच्या चौकीचा आकडा आता येत नाही. पाठवायला कुणी नाही. म्हणून मी रोज कालचाच लावतो. आणि काल म्हणजे त्याच्या आदल्या दिवशीचा. आणि तो त्याच्या आदल्या."

"म्हंजे शेवटचा कुठला?"

"रामनाथनं पाठवलेला. त्या सकाळचा. वीतभर नवं बर्फ, वारा पश्चिमेचा. ते पाठवून तो उतारावर गेला." देवरामनं अडकित्ता खाली ठेवला. "खरं तर तिथं आता ऊन पडलंय म्हणतात. पण मशीनच्या लेखी त्या चौकीवर अजून तोच दिवस चाललाय. रोज वीतभर पडतंय. एका थरावर एक."

सावळाराम जॉबर होता, त्याला हे समजायला वेळ लागला नाही. बाणा तुटला की लूमनं थांबायला हवं. थांबवणारा काटा झिजला असेल तर लूम थांबत नाही. धोटा रिकामाच येत-जात राहतो, ठोके बरोबर पडतात, लांबून बघणाऱ्याला कापड विणलं जातंय असंच वाटतं.

"साहेबांनी ती चौकी काढून टाकायला सांगितलंय," देवराम म्हणाला. "एक कार्ड बाजूला काढायचं, बस. माझा हात होत नाही. ते काढलं की..."

त्यानं अडकित्ता पुन्हा उचलला.

"ये," सावळाराम म्हणाला आणि त्याला शेडकडं घेऊन गेला.

देवराम उंबऱ्यावरच थांबला. रुई आता लूमच्या वर चढली होती. चार ठिकाणी उंचवटे होते, मधे सपाट. त्यानं वाकून चिमूटभर उचलली, तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं चोळली. मग तळहाताकडं बघत राहिला. तळहात ओला झाला होता. त्यानं तो पँटला पुसला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तार आली तेव्हापासून. रोज सारखंच."

देवरामनं दार ओढून घेतलं. कडी सावळारामनं लावली.

"तुम्ही म्हणालात की काढतो, काका," तो निघताना म्हणाला. "विधी झाला की नवशाला सांगा. मुनीमजींच्या फोनवरून मला कळवेल. त्याच दिवशी काढतो. तोवर नाही."

५

गुणाबाई दुपारची दिसेनाशी व्हायची. ठमाबाईला वाटायचं ती पाण्याला गेली. सावळारामला माहीत होतं, पण तो तिच्या मागं गेला नव्हता. देवराम येऊन गेल्यावर गेला.

ती आतल्या कोपऱ्यातल्या लूमपाशी, रुईवरच पालथी पडली होती. उजवा हात खांद्यापर्यंत आत. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. लहान मूल झोपलंय की नाही हे बघताना बाईचा चेहरा होतो तसा होता.

"हात घाला," ती म्हणाली.

"उठ. गारठशील."

"रामाचा बापूस, हात घाला."

तो तिच्याशेजारी आडवा झाला आणि तिच्या हातालगत आपला हात घातला. गार, मऊ, मग अधिक गार, मग बोटांना काहीच लागेना. आत पोकळी होती. वाटीएवढी. तिच्या कडा रुईच्या नव्हत्या. टणक होत्या, गुळगुळीत, काचेसारख्या. त्यानं बोटं तशीच ठेवली. तळहातावर ऊब आली. गेली. पुन्हा आली.

ओला कापूस आतून तापतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. कापसाच्या गाठी भिजल्या की गोदामात पेट घेतात. ही ऊब तसलीच असणार. नाहीतर आपल्याच मनगटाची नाडी. तो मोजत राहिला, आणि नाडी वेगळी, ऊब वेगळी हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्यानं मोजणं सोडलं.

"गेल्या आठवड्यात कोपरापर्यंत घातला तरी पुरायचा," गुणाबाई म्हणाली. "आता खांदा लागतंय. आठ दिसांनी माजा हात पुरायचा न्हाय."

रामनाथनं एकदा सांगितलं होतं, बर्फाखाली सापडलेला माणूस तोंडापुढं हात धरतो. श्वासापुरती जागा राहते. श्वासाची वाफ त्या जागेला आतून गोठवते. तेव्हा गुणाबाईनं त्याला जेवताना असलं बोलू नको म्हणून दटावलं होतं.

"फावडं आनू?" ती म्हणाली.

त्यानं आणलं. दोघांनी मिळून उकरलं. जेवढी रुई बाहेर टाकली तेवढी बाजूनं आत सरकली. तासाभरानं दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि खड्डा होता तेवढाच होता. मग तो आवाज झाला. दोघं जिथं होती तिथं थिजली. बोट हललं असतं तर काय सरकलं असतं, कुणावर, किती, हे त्याला माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यानं तिला देवरामचं सगळं सांगितलं. कार्डाचं, कालच्या आकड्याचं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे ते कार्ड हाय तवर त्या दिसाची सकाल हाय," ती म्हणाली. "आनि त्या सकाली तो जित्ता हाय."

"आनि रोज वरनं पडतंय. रोज खाली चाललाय तो, गुणे."

"काढलं तर?"

"काढलं तर थांबंल."

"पडायचं थांबंल," ती म्हणाली, "का त्याचं थांबंल?"



६

वैशाखात पळसाला पानं आली. ठमाबाईनं स्वतः जाऊन ती खुडून आणली. ओटीवर बसून भटजींनी पुतळा बांधला. पानांचे हात, पानांचे पाय, नारळाचं डोकं. गुणाबाई यावेळी भांडली नाही. तिनं रामनाथचा धुतलेला सदरा आणून दिला आणि आत जाऊन बसली.

नदीकाठी दहाबारा माणसं होती. कारखान्यातून नवशा आला होता. त्या दिवशी त्यानं कुणाची नक्कल केली नाही. सावळारामनं अग्नी दिला. लाकडं पेटली, पुतळा पेटेना. पानांतून पाणी निघत होतं. ते थेंब थेंब लाकडांवर पडायचं आणि चर्र आवाज व्हायचा. पानं कोवळी आहेत, कुणीतरी म्हणालं. रॉकेल आणलं गेलं. तेही विझलं, मग पुन्हा ओतलं. शेवटी नारळ तडकला तेव्हा सगळ्यांनी सुटकेनं श्वास सोडला आणि आंघोळीला पाण्यात उतरले. वैशाखाच्या दुपारी सावळारामच्या हाताची बोटं निळी पडली होती. त्यानं ती उपरण्यात गुंडाळली.

घरी आल्यावर माणसं कडुलिंबाचं पान चावून पांगली. ठमाबाई म्हणाली, "सुटला गं बाय पोऱ्या." गुणाबाईनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, बहुतेक थकव्यानं.

नवशा ओटीच्या कडेला बसला होता. "दादा, देवरामला निरोप काय देऊ? मुनीमजी सहापर्यंत असतात ऑफिसात."

"बस जरा," सावळाराम म्हणाला. "येतो."

तो शेडकडं गेला. मनानं त्यानं ठरवलं होतं. नदीवर, पाण्यात उभा असताना ठरवलं होतं. रोज बोटभर खाली जाणाऱ्या माणसाला धरून ठेवण्यापेक्षा सोडलेलं बरं. बापानं हे करायचं नाही तर कुणी करायचं. फक्त एकदा बघून यायचं आणि मग नवशाला सांगायचं, काढ म्हणावं.

त्यानं कडी काढली. रुई आता दारात छातीएवढी उभी होती, कडेच्या कौलांखाली दोन हातांवर. लूम दिसत नव्हते, उंचवटेही नव्हते. पांढरं, सपाट, जोराचं वारं येऊन गेल्यावर शेत दिसतं तसं. तो आत गेला नाही. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "रामा."

धप्.

पृष्ठभाग खाली बसला. सगळीकडं सारखा बसला नाही. आतल्या कोपऱ्याकडं, लूमच्या लांबीएवढ्या जागेत, रुई काहीतरी झाकून बसावी तशी बसली. ओला सदरा अंगाला चिकटतो तसा आकार क्षणभर वर आला. गुडघे पोटाशी. पाठ त्याच्याकडं. वाकलेल्या मानेपुढं दोन हात, ओंजळ धरल्यासारखे. बोटांच्या मधली रुई आत ओढली गेली, थोडी थांबली, बाहेर आली. मग वरून पहिली पांढरी कणी पडली, कुठून ते त्याला दिसलं नाही, आणि तिच्यामागून दुसऱ्या. आकार बुजत गेला. बोटांमधली जागा सगळ्यात शेवटी बुजली.

सावळारामनं दार ओढून घेतलं. कडी लावली. कुलूप अडकवलं.

मागं गुणाबाई उभी होती. केव्हा आली कुणास ठाऊक. त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"हाय?" तिनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली.

दोघं ओटीवर आली. ठमाबाईनं सगळ्यांसमोर चहा ठेवला. नवशानं बशीत ओतून तो संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि सायकलला टेकून उभा राहिला. त्यानं टोपीची खूण केली, नाक ओढलं नाही, कानाशी मूठ धरून भुवया उंचावल्या. मुनीमजी, फोन, काय सांगू. सावळारामनं ते वाचलं. ‘काढ’ म्हणायची खूण दोन बोटांची होती, सोपी होती. त्याचे हात मांडीवर उपरण्यात होते.

कारखान्याचा सहाचा भोंगा ऐकू आला. नवशा सायकलवर बसला आणि निघून गेला.

देवरामला निरोप द्यायचा राहून गेला.